पांढऱ्या पेशी एवढ्या वाढल्यात, मग खोकला का थांबत नाही?

प्रश्न: माझ्या दोन महिन्यांच्या भाचीला डांग्या खोकला झालाय. रिपोर्टमधे पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या दिसतात, म्हणजे शरीर जोरात लढतंय ना?

उत्तर: ताई, पेशी वाढल्यात खऱ्या, पण त्या रक्तातच अडकून पडल्यात. बोर्डेटेला पर्टुसिस हा जंतू श्वासनलिकेला चिकटतो आणि पर्टुसिस टॉक्सिन नावाचं विष सोडतो, ते पेशींच्या आतला सिग्नलच बिघडवतं, त्यामुळे लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रक्तातून बाहेर पडून इन्फेक्शनच्या जागी नीट पोचतच नाहीत आणि रिपोर्टमधला आकडा मात्र फुगत जातो. या जंतूचं दुसरं टॉक्सिन जंतू गिळणाऱ्या पेशींमधे घुसून सीएएमपी नावाचा रेणू इतका वाढवतं की त्यांची मारायची ताकदच जाते. म्हणून प्लीज, एवढ्या लहान बाळात हा आकडा खूप वाढला तर चांगलं लक्षण समजू नका, तो धोका आहे. श्वास मधेच थांबला, ओठ निळे पडले तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल गाठा. अँटिबायोटिकनं जंतू मरतात, तरी खोकला बरेच आठवडे राहू शकतो. आणि घरात दुसरं तान्हं बाळ असेल तर 6, 10 आणि 14 आठवड्यांची डांग्या खोकल्याची लस अजिबात चुकवू नका.