रोज मृत्यू पाहणाऱ्या डॉक्टरांचा देवावर विश्वास राहतो का?

आपण सर्वच डॉक्टरांविषयी विचारले आहे. कोल्हापुरात बरीच वर्षे फिजिशियन म्हणून काम करणारा मी केवळ स्वतःपुरते सांगू शकतो. माझा विश्वास आहे, मात्र तो पूर्वीसारखा उरलेला नाही, आणि त्याचे कारण मृत्यू नव्हे. पिकल्या वयात, घरच्यांच्या सहवासात आलेले मरण पाहून श्रद्धेला तडा जात नाही. तडा जातो तो वेदना पाहून. तोंडाच्या कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात घोटभर पाणीही गिळू न शकणारा चाळिशीतला माणूस समोर असतो, तेव्हा त्यामागे काही ईश्वरी योजना असेल हे मला पटत नाही. त्यात तंबाखूचा वाटा असतो हे मी जाणतो. पण लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे काय? म्हणूनच आजारी लेकराच्या आईला कोणी 'मागच्या जन्मीचे भोग' ऐकवू लागले, की मी त्या नातेवाइकाला सरळ बाहेर थांबायला सांगतो.

असह्य दुखत असताना प्रार्थना करणारे रुग्ण मी फारसे पाहिलेले नाहीत. दुखणे ओसरले की मग माणूस अंबाबाईचे नाव घेतो, जोतिबाला जायचे राहून गेले असे म्हणतो. त्यामुळे मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाची गोळी वेळच्या वेळी देणे हे मला श्रद्धेच्या आड येणारे काम वाटत नाही. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून ती मिळण्यातल्या कायदेशीर अडचणी कमी झाल्या, तरी 'सवय लागेल' या भीतीने पुष्कळदा घरचेच ती नाकारतात. ज्याच्या हाती थोडेच आठवडे उरले आहेत, त्याला कसली सवय लागणार? उशीखाली ठेवलेल्या अंगाऱ्याला किंवा कपाळावरच्या गुलालाला मात्र मी कधी हरकत घेत नाही. औषध बंद करू नका, एवढीच माझी अट असते.

रुग्णाला काही सांगू नका, असा घरच्यांचा आग्रह असतो, आणि रुग्णाला तर बहुधा सारे कळलेलेच असते. एका शेतकऱ्याने मला विचारले होते, "ऊस जाईपातूर मी हाय न्हवं, डॉक्टर?" मुलांना व्यवहार समजावून देण्यासाठी त्याला खरे उत्तर हवे होते, म्हणून मी ते दिले; देवाविषयी त्याने एक शब्दही काढला नाही.

श्रद्धेचा खरा आधार मला दिसतो तो व्हेंटिलेटर काढण्याचा विषय निघतो तेव्हा. बापाला आपणच मारले, ही टोचणी घेऊन कोणता मुलगा जगू शकेल? 'आता देवावर सोडतो' असे म्हणून तो निर्णय घेतो, आणि नास्तिक सहकाऱ्यांनीही अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नये असे माझे मत आहे. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि त्यासाठीच्या वैद्यकीय इच्छापत्राची किचकट प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी केली. मी माझे इच्छापत्र करून ठेवले आहे. सुधारण्याची आशा नसेल तर यंत्रावर ठेवू नये आणि वेदनाशामक औषध कमी पडू देऊ नये, असे त्यात लिहिले आहे. पूजापाठाविषयी काही लिहिलेले नाही. ते घरच्यांनी त्यांना योग्य वाटेल तसे करावे.