विचारलं तर सांगता यावं

प्रिय बाळा,

सलाम.

तुझा मेसेज रविवारी उपासनेहून आल्यावर वाचला. रूममेटने विश्वासाबद्दल काहीतरी विचारलं, तुझी बोबडी वळली आणि तू उगाच चार्जर शोधायला लागलास. आता 'काय काय पाठ करू त्याची यादी पाठवा' म्हणतोस. यादी पाठवत नाही. शब्बाथ शाळेत तुला पाठांतराची बक्षिसं मीच दिली आहेत, आणि त्याचा उपयोग किती झाला ते आपण दोघांनीही पाहिलं.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 3:15 तुला येतं: तुमच्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या. आपल्याकडे त्यातलं 'नेहमी सिद्ध असा' एवढंच फळ्यावर लिहितात. पण त्याच्या आधी 'विचारपूस करणाऱ्या' आहे आणि नंतर 'सौम्यतेने' आहे, हे कुणी सांगत नाही. म्हणजे कुणीतरी विचारलेलं असलं पाहिजे. आज जिथे तुर्कस्तान आहे तिथे विखुरलेल्या, लोकांच्या टोमण्यांनी बेजार झालेल्या विश्वासणाऱ्यांना हे लिहिलं आहे. 'उत्तर' यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो कोर्टात आपली बाजू मांडण्यासाठीही वापरत. आणि सिद्ध राहा असं सांगतोय कोण? येशूला धरून नेलं त्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीशी हात शेकत बसलेला तोच पेत्र, ज्याला एका दासीने विचारलं तर म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. गालीली बोलीवरून लोकांनी त्याला ओळखलं, तरी शपथा घेऊन नाकारत राहिला. तू निदान चार्जरच शोधलास.

आता माझं ऐक. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी शाळेत नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली होती. मधल्या सुट्टीत शेजारी बसणाऱ्या शिक्षकाने डबा उघडला, भाकरी मोडली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्यात मेल्यावर माणसाचं काय होतं म्हणतात?" बाळा, मी असा खूष झालो! वर्षानुवर्षं तयारी केली होती ना. पुनरुत्थान, न्यायाचा दिवस, करिंथकरांस पत्रातला पंधरावा अध्याय, योहान अकरा, सगळं ओळीने. घंटा होईपर्यंत मी बोलत होतो. त्याने मोडलेली भाकरी तशीच ठेवून डबा बंद केला, 'बरं आहे' म्हणाला आणि तासाला गेला. पंधरा दिवसांनी कळलं, त्याच सकाळी त्याच्या बायकोचा रिपोर्ट आला होता. मी एकदाही विचारलं नव्हतं, 'का हो, आज हे का आठवलं?' त्यानंतर आम्ही अकरा वर्षं एकत्र नोकरी केली. त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

माझी एकही ओळ चुकीची नव्हती, हेच जास्त लागतं.

म्हणून तयारी करायचीच तर आधी कानाची कर. दुसरी तयारी भाषेची. तू मित्रांशी क्रिकेट, परीक्षा, मेसचं जेवण यावर कसा बोलतोस, आणि विश्वासाचा विषय निघाला की 'तारणप्राप्ती', 'कोकऱ्याच्या रक्ताने धुतलेले' असं का सुरू होतं? आपल्याला ते शब्द जिवाभावाचे आहेत, पण त्या पोराने ते आयुष्यात ऐकलेले नाहीत. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि 1616 मध्ये दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापून मोकळे झाले; ओवी इथल्या लोकांच्या कानात बसलेली होती म्हणून. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर म्हणत, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो. तुझ्या मित्राच्या घरी वारी असेल तर आधी वारीबद्दल त्याच्याकडून ऐक. खोटं कौतुक नको, खरी उत्सुकता असू दे.

बाकी पाठ काही करायचंच असेल तर मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाच, सोळाच अध्याय आहेत. आणि योहानाच्या नवव्या अध्यायातला तो आंधळा पाहा. येशूने त्याला दृष्टी दिल्यावर परूश्यांनी, म्हणजे तेव्हाच्या धर्मपुढाऱ्यांनी, उलटतपासणी घेतली तेव्हा त्याचं उत्तर साधारण असं: बाकीचं मला ठाऊक नाही, पूर्वी दिसत नव्हतं, आता दिसतं. तुझी अशी एक ओळ कोणती? बाबा गेले त्या वर्षी तू प्रार्थना का सोडली नाहीस, हे तू मला एकदा गच्चीवर सांगितलं होतंस. ते सांगता आलं तरी पुष्कळ. न येणाऱ्या प्रश्नाला 'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हण आणि खरंच विचार.

'धान्यासाठी बाटलेले' हा टोमणा कधी ना कधी येईल, तेव्हा चिडू नकोस. 1876 ते 78च्या दुष्काळात आपल्या नगर भागात मिशनच्या मदतीवर पुष्कळ लोक जगले आणि त्यानंतर पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, हे खरं आहे. त्यांत भूक असेलच. पण ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची बंदी होती, त्यांना कुणीतरी शेजारी बसवलं, हेही होतं. दोन्ही सांग. आणि तू स्वतः कुणाला मदत केलीस, नोट्स दिल्यास, दवाखान्यात सोबत बसलास, तर त्या बदल्यात प्रार्थनेला चल म्हणू नकोस. संविधानाच्या 25व्या कलमाने धर्म सांगण्याचा हक्क दिलाय. कुणाच्या अडचणीचा फायदा घेण्याचा नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते ओंगळच वाटतं.

घाईही नको. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1895 मधला. एवढा मोठा कवी, शब्द हात जोडून उभे, पण घरच्या लक्ष्मीबाईंना पटायला पुढची पाच वर्षं लागली. त्या आल्या त्या स्वतःच्या डोक्याने, आधी जातपात मनातून काढून टाकून. कवितेने ते काम झालं नव्हतं.

नाताळला येशील तेव्हा मित्रालाही आण. आईला करंज्या जास्त करायला सांगतो.

आणि हो, एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं. तू 'काहीतरी विचारलं' एवढंच लिहिलं आहेस. त्याने नेमकं काय विचारलं? त्याच्याच शब्दांत कळव. आणि त्या दिवशी त्याचं काय बिनसलं होतं का, तेही.

तुझे,
सर