ॲप म्हणतं गंधार चुकला, बाई म्हणतात बरोबर

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तीन वर्षं गाणं शिकतेय. बाई दादरला, आम्ही मुलुंडला, त्यामुळे आठवड्यातून एक क्लास तिकडे जाऊन आणि एक झूमवर. झूमवर तानपुरा मधेच गायब होतो, तबला लावला की सगळं मागेपुढे. त्यात तिने ट्यूनरचं ॲप घेतलंय, भूप रागातला गंधार (ग) लावला की ते लाल दाखवतं आणि ही रडायला लागते. बाई म्हणतात गंधार छान लागतोय. खरं काय? (एक आई, मुलुंड)

उत्तर: ताई, आधी तिला जवळ घ्या आणि सांगा की बाईंचंच बरोबर आहे. ते ॲप पियानोच्या मापाने मोजतं, त्यात सा पासून शुद्ध गंधार बरोबर ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे चार सारखे अर्धस्वर. आपला तानपुऱ्याशी मिळणारा गंधार असतो साधारण ३८६ वर. म्हणजे पोरगी जितकी सुरेल गाईल तितकं ते १४ सेंट कमी दाखवणार! हार्मोनियमचंही तेच माप, म्हणून नुसत्या पेटीवर गळा तयार करू नये असं मला मनापासून वाटतं. रात्री घर शांत झालं की तानपुरा लावून तिला खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेकडे कान द्यायला सांगा, सा च्या आतून बारीक गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, एकदा सापडला की तिला त्या लाल-हिरव्याची गरजच उरणार नाही. ट्यूनर सध्या काढूनच टाका.

आता झूमचं. ते मीटिंगसाठी बनलंय हो, सलग चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून ते तानपुराच पुसून टाकतं. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे ते दोन्हीकडे चालू करा, आणि वायरवाले इअरफोन लावा, ब्लूटूथ नको, त्याने आवाज अजून उशिरा येतो. तानपुरा घरातल्या जुन्या मोबाईलवर वेगळा लावा, बाई सांगतील त्या पट्टीत.

तबल्याला मात्र इलाज नाही. आवाज जाऊन परत यायला कधी कधी पाव सेकंद लागतो, आणि मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत पाव सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा, मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कशी गाठणार! म्हणून ऑनलाइन क्लासात बाईंनी गायचं, मग तिने गायचं, एकत्र नाहीच. ठेका लागला तर तो तिच्याच खोलीत वाजू दे, बाईंनी नुसतं ऐकायचं.

फोनचा खरा उपयोग मला वाटतो तो रेकॉर्डिंगचा. बाईंना विचारून क्लास रेकॉर्ड करा, ताना ०.७५ स्पीडला ऐकवा, पट्टी न उतरता लय कमी होते, पूर्वी कॅसेट हळू केली की सूरच खाली यायचा. आणि तिचं स्वतःचं गाणं रोज पाच मिनिटं, लगेच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायचं. माझ्या एका विद्यार्थिनीला मी महिनाभर सांगत होते की आलापात श्वास मधेच तोडतेस, तिला पटेना, स्वतःचं ऐकलं आणि दोन दिवसांत सुधारली.

परीक्षा जवळ आली की तबल्याबरोबरचा रियाज दादरलाच करा, एक क्लास कमी झाला तरी चालेल, फक्त रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून निघा.