कुकर, कॅनर आणि काचेच्या बरण्या

प्रश्न (पुणे): घरी 10 लिटरचा कुकर आहे. राजमा, छोले बरण्यांत भरून त्यातच शिजवले तर फ्रीजबाहेर टिकतील का? की कॅनरच (भरलेल्या बरण्या दाबाच्या वाफेत तापवायचं खास मोठं भांडं) घ्यावा?

उत्तर: कुकरवर भागवू नका. शिट्टी साधारण 15 पौंड (दर चौरस इंचाला) दाबावर होते, मग दाब पुरेसा नाही का, असं वाटणं साहजिक आहे. पण कडधान्यं, भाज्या, मांस यांत आंबटपणा कमी (पीएच 4.6 च्या वर) असतो. हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढतात ते अशाच पदार्थांत, आणि त्यांचे बीजाणू नुसत्या उकळीला दाद देत नाहीत. त्यासाठी 116 अंश सेल्सिअस लागतं, तेही ठरलेला वेळ. अमेरिकी कृषी खात्याने या वेळा मोठ्या कॅनरसाठी ठरवल्या आहेत. कॅनर तापायला आणि निवायला बराच वेळ घेतो, ती उष्णताही हिशेबात धरलेली आहे. कुकर लवकर तापतो, लवकर निवतो आणि नेमकं तिथेच कमी पडतो. आतल्या जाळीवर क्वार्टच्या (सुमारे 950 मिली) किमान चार बरण्या उभ्या ठेवून झाकण लागलं, तरच ते भांडं कॅनर म्हणायचं.

राजमा 12 ते 18 तास भिजवा, ताज्या पाण्यात 30 मिनिटं उकळा आणि त्याच पाण्यासकट गरम बरणीत भरा. वर एक इंच जागा सोडा. कॅनरमध्ये पाइंटच्या (अर्ध्या क्वार्टच्या) बरणीला 75 मिनिटं, क्वार्टच्या बरणीला 90. पुणे 1,000 फुटांहून उंच आहे, त्यामुळे वजनाच्या कॅनरला (ज्यात झाकणावरचं वजन दाब राखतं) 10 नव्हे, 15 पौंड दाबाचं वजन लावा. घट्ट वरण मात्र भरू नका. उष्णता त्याच्या मध्यापर्यंत कधी पोचते याची भरवशाची वेळ ठरलेली नाही. लोणचं, मुरांबा, जॅम यांना कॅनर लागतच नाही.

प्रश्न (डेन्व्हर, अमेरिका): प्रेस्टोचा 23 क्वार्टचा कॅनर घ्यावा की ऑल अमेरिकन 921? शेगडी काचेच्या सपाट पृष्ठाची आहे.

उत्तर: तुमच्या शेगडीनेच निवड केली आहे. ऑल अमेरिकन काचेच्या शेगडीवर वापरू नका, असं कंपनीच सांगते. रिकामा असतानाच तो नऊ किलोंच्या आसपास भरतो. एरवी भांडं उत्तम: रबरी रिंग नाही, झाकण धातूवर धातू बसतं आणि सहा स्क्रूंनी आवळलं जातं. प्रेस्टो हलका आहे आणि सपाट शेगडीवर चालतो, पण शेगडीच्या पुस्तिकेतली वजनाची मर्यादा आधी पाहा. त्याची रिंग कडक झाली की कडेने वाफ गळते आणि दाब चढत नाही. ती बदलावी लागते.

प्रेस्टोला दाब दाखवणारा काटा असतो. डेन्व्हरच्या उंचीवर काट्यावर 13 पौंड हवेत. काटा दरवर्षी तपासून घ्यायचा आणि दोन पौंडांहून जास्त चुकत असेल तर बदलायचा. हा व्याप नको असेल तर 5, 10 आणि 15 पौंडांचं तीन तुकड्यांचं वजन वेगळं मिळतं, ते घ्या आणि 15 वर चालवा. आमचं मत वजनाच्याच बाजूने. ते हलताना ऐकू येतं, काट्यावर नजर लावून बसावं लागत नाही.

दोन्हींत एक पायरी चुकवू नका: झाकण लावल्यावर वजन न ठेवता दहा मिनिटं वाफेचा जोरदार झोत जाऊ द्या. आत हवा उरली तर दाब बरोबर दिसतो, उष्णता मात्र कमी असते.

प्रश्न (नाशिक): कॅनरमधून काढल्यावर बरण्यांतलं पाणी उतरलेलं दिसतं. असं का होतं?

उत्तर: आच कमी-जास्त झाल्याने दाब हेलकावला किंवा तो आपोआप उतरायच्या आधी वजन काढलं की बरणीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कुकरवर थंड पाणी ओततो तसं इथे कधीही करू नका. दाब शून्यावर आला की वजन काढा, दहा मिनिटं थांबा आणि मगच झाकण उघडा. दाब मध्येच ठरलेल्या आकड्याखाली गेला असेल, तर तो पुन्हा चढवून वेळ पहिल्यापासून मोजा. बरणीचं झाकण घट्ट बसलेलं असेल तर थोडं पाणी उतरलेली बरणी चालते. निम्मं किंवा त्याहून जास्त गेलं असेल, तर ती फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.