विहीर बुजवलेल्या प्लॉटवर घर बांधताना

तुम्ही लिहिलंय की ३० बाय ५० चा प्लॉट आहे, मागच्या कोपऱ्यात जुनी विहीर होती ती ८ वर्षांपूर्वी राडारोडा टाकून बुजवली, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय आठ पावसाळे खाल्लेत, भराव घट्ट बसलाय, सगळीकडे ५ फुटांवर फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) घेऊन टाकू. कृपा करून त्या कोपऱ्यात हे करू नका. बावीस वर्षं साइटवर काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाऊस पडून वरचा फूट-दोन फूट थर आवळतो, पाय आपटला तर टणक लागतो, त्याच्यावरूनच सगळे फसतात. खाली काय आहे ते कुणी बघितलेलं नसतं. एकदा अशाच बुजवलेल्या खड्ड्यात जेसीबीने ट्रायल पिट (तपासणीचा खड्डा) घेतला, वरचे ३ फूट छान मुरूम, त्याखाली विटांचे तुकडे, फरशांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या (वरची छपाई अजून वाचता येत होती), लाकडाची फळी कुजून काळी पडलेली, आणि पहार नुसत्या हाताच्या जोराने दीड फूट आत गेली. मधे पोकळ्या होत्या. असा भराव कोरडा असेपर्यंत तग धरतो आणि पाणी पहिल्यांदा मुरलं की एकदम बसतो.

साधा हिशोब करून बघा. विहीर १५ फूट व्यासाची आणि ३० फूट खोल धरली तर जवळजवळ ५३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल आत गेलाय, आणि तो डंपरने ओतलेला, थर देऊन रोलर फिरवलेला नाही. ३० फुटांचा भराव नुसता २ टक्के बसला तरी ७ इंच होतात. अख्खं घर सारखं खाली गेलं तर एकवेळ चालून जातं हो, पण तीन कोपरे मुरुमावर आणि चौथा भरावावर म्हणजे शेजारशेजारच्या दोन कॉलममध्ये इंचभर फरक पडला तरी भिंत फाटते.

हे मी आमच्या भावकीतल्याच एका घरात बघितलंय. न्हाणीघराचा कोपरा बुजवलेल्या विहिरीवर आला होता, दोन वर्षं काही नाही, तिसऱ्या वर्षी ड्रेनेजचं चेंबर गळून पाणी भरावात मुरायला लागलं. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांसारखा तडा निघाला, आम्ही त्याच्या टोकाला पेन्सिलने तारीख घालायचो, दर महिन्याला रेघ पुढे. दिवाळीपर्यंत त्या फटीत रुपयाचं नाणं उभं जात होतं आणि न्हाणीचं दार लागेना. काकूंनी आयुष्यभराची पुंजी घातली होती त्या घरात, म्हणून हे वाचल्यावर राहवलं नाही.

आता करायचं काय. आधी विहिरीची नेमकी कड शोधा. जुन्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असू शकते, गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो बघता येतात, आणि गावातलं एखादं म्हातारं माणूस बोट ठेवून जागा दाखवतं. मग विहिरीच्या कडेला आणि घराच्या बाकी कोपऱ्यांत ट्रायल पिट घ्या. भरावाच्या खड्ड्याच्या बाजू कधी ढासळतील सांगता येत नाही, त्यामुळे खोल खड्ड्यात कुणालाही उतरवू नका, वरूनच बघा. जमलं तर एक बोअर घेऊन एसपीटी (ठोके मोजून खालची जमीन किती घट्ट आहे ते बघायची चाचणी) करा, घराच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तो कोपरा सोडूनच द्या, घर एल आकारात घ्या आणि तिथे बाग किंवा गाडी. तेवढी जागा सोडणं शक्यच नसेल तर विहिरीत एकही कॉलम नको, कॉलम बाहेर घेऊन वरून बीम न्यायचा. पण कडेला लागूनसुद्धा ५ फुटांवर फुटिंग नको. फुटिंगच्या खाली तिच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंत आणि बाजूलाही भार पसरतो, आणि बाजूला पोचट भराव असला की मुरूम तिकडे सरकायला बघतो. म्हणजे ५ फूट रुंदीची फुटिंग असेल तर कडेपासून निदान ८-१० फूट लांब, नाहीतर सरळ खडकापर्यंत खाली. विहिरीच्या जुन्या दगडी बांधकामावर तर काहीच टेकवू नका. पाइलचा (जमिनीत खोल नेलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) पर्याय आहे पण राडारोड्यात मोठे दगड लागले की मशीन अडकतं, आणि बसणारा भराव पाइलला धरून खाली ओढतो तो भार डिझाइनमध्ये धरावा लागतो, त्यामुळे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजावर नाही.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. कॉलम खडकावर गेले तरी खालची फरशी भरावावरच असते ना, ती बसते, स्कर्टिंगखाली फट पडते, ओट्याचा पाय सुटतो. भरावाच्या भागात तळमजल्यालाही प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरच्या बीमवर) टेकलेला आरसीसी स्लॅब घ्या, नुसतं सोलिंग (दगडांचा थर) आणि कोबा नको. सेप्टिक टँक, शोषखड्डा, ड्रेनेजचे पाइप, गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा खड्डा, यातलं काहीही विहिरीच्या जवळपास ठेवू नका, पाणी पुढच्या बाजूला काढा.

पिट घेतलात की किती फुटांवर मुरूम लागला, पाणी लागलं का आणि विहिरीची कड घराच्या कोपऱ्यापासून किती फूट आली एवढं लिहा. तोपर्यंत सळईची ऑर्डर थांबवून ठेवा.