बाटली भरली तेव्हा भरती होती का?

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचे आम्हीच दिसलो. रिसॉर्टच्या सांडपाणी प्रकल्पामागून खाडीकडे जाणारा पऱ्या, सकाळी दुर्गंधी, कडेला फेस, आणि लॅबचा रिपोर्ट मात्र म्हणतो की प्रकल्पाच्या वर आणि खाली पाणी सारखंच. बाटल्या कशा हाताळायच्या ते लॅबवाले सांगतील, त्यात मी पडत नाही. एवढंच सांगा, नमुना घेतला तेव्हा भरती होती की ओहोटी?

आम्हाला हे सुचलंच नव्हतं. रविवारी सगळ्यांना सवड, म्हणून दुपारी बाराला गेलो. नेमकी अमावास्या. उधाणाचं पाणी पऱ्यात उलटं चढत होतं आणि प्रकल्पाची घाण घेऊन आमच्या 'वरच्या' जागेपर्यंत पोचलं होतं. बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते तो आकडा, जास्त म्हणजे घाण जास्त) वर 14, खाली 16. आमच्याच खर्चाचा कागद आमच्यापुढे सरकवत साहेब म्हणाले, "अहो, घाण वरूनच येत्येय, प्रकल्पाचा काय संबंध?" कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांची स्वतःची पाहणी झाली ती जुलैत, पऱ्या दुथडी भरून वाहत असताना. त्यात डोंबल सापडणार!

पण मूळ माती आम्हीच खाल्ली होती. टीडीएसचा पेन नेला होता, 'वरच्या' जागी 2,140 आले, वहीत लिहिलेसुद्धा. आमच्या पऱ्याचं गोडं पाणी एरवी शंभराच्या आत. आकडा बोंबलून सांगत होता की खाडी आत आली आहे, आणि आम्ही खूश, की बघा किती प्रदूषण! तो पेन पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो, मैला नाही. खारं पाणी आलंय का, एवढं कळायला मात्र तो हवाच.

भरतीची वेळ काढायला आजोबांचा हिशोब: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. गावागणिक थोडं पुढेमागे होतं, बंदरावर विचारून घ्या. वरची जागा कांदळवण संपतं त्याच्याही वर धरा. पेन लावा, आकडा नेहमीवर आला की मगच बाटली भरा. प्रकल्पाखाली आकडा थोडा चढाच राहील, सांडपाण्यातही क्षार असतात.

विरघळलेला ऑक्सिजन उजाडायच्या आत मोजा, आणि जागेवरच. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, दुपारचा आकडा फसवतो. बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा. थर्माकोलची पेटी नवी घ्या, मासळीची नको (आमची गाडी महिनाभर बांगड्याच्या वासाची होती). महिना म्हणाल तर एप्रिल-मे. पऱ्या आटलेला, रिसॉर्ट भरलेलं.

दुसऱ्या खेपेला असंच केलं. बीओडी वर 2, खाली 19.

एक मात्र, मी वकील नाही, खात्री करून घ्या. आपण भरलेल्या बाटलीचा रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. 1974च्या जल कायद्यात कलम 21 आहे, त्यानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने प्रकल्पवाल्याला नोटीस देऊन, दोन भाग करून घेतलेला नमुनाच धरतात. आपला रिपोर्ट त्यांना तिथवर आणण्यापुरता. अर्जात ओहोटीची वेळ ठळक लिहा, नाहीतर साहेब जेवूनखाऊन भरतीलाच उगवतील.

तुमच्या रिपोर्टवर नमुन्याची तारीख आणि वेळ असेल ती इथे टाका, तिथी बघून सांगतो.