सी भाषेतला हिशेब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये

प्रश्न : पीक, जमिनीचा प्रकार आणि पडलेला पाऊस यांवरून ठिबकाच्या पाळ्या काढणारा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला आहे. आमच्या भागातील शेतकऱ्यांना तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये वापरता यावा यासाठी सगळा जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहावा लागेल, की वेबपॅक किंवा ईएसबिल्डने काम भागेल?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पुन्हा लिहू नका. वेबपॅक आणि ईएसबिल्ड हे बंडलर आहेत. अनेक जावास्क्रिप्ट फायली एकत्र बांधणे हे त्यांचे काम, सी भाषा त्यांना कळत नाही. तुम्हाला हवा आहे तो कंपायलर, म्हणजे एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या रूपात बदलणारे साधन. त्याचे नाव एमस्क्रिप्टेन. अलॉन झकाई यांनी 2010 मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प एलएलव्हीएम या कंपायलर घडवण्याच्या साधनसंचाच्या आधारे सी आणि सी++ चे रूपांतर करतो. आरंभी ते जावास्क्रिप्टमध्ये होई, आता वेबअसेंब्लीमध्ये, म्हणजे ब्राउझरला वेगाने चालवता येणाऱ्या द्विमान कोडमध्ये होते. प्रमुख ब्राउझरांनी वेबअसेंब्ली 2017 मध्ये स्वीकारली आणि डिसेंबर 2019 मध्ये ती वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक झाली.

एमस्क्रिप्टेन तुम्हाला दोन फायली देईल : एक वासम, म्हणजे वेबअसेंब्ली कोडची फाइल, आणि दुसरी तिला पानाशी जोडणारी जावास्क्रिप्ट. वेबअसेंब्लीला पानावरील मजकूर किंवा बटणे थेट हाताळता येत नाहीत, म्हणून ही दुसरी फाइल आवश्यक असते. तुमचे एकच पान असेल, तर बंडलर सध्या बाजूलाच ठेवा. नवख्या माणसाचा निम्मा वेळ बंडलरच्या मांडणीतच जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी काळजी आकाराची घ्या, कारण गावोगावच्या मंद नेटवर प्रत्येक किलोबाइट जाणवतो. कंपाइल करताना आकार लहान ठेवणारा ‘ओएस’ पर्याय द्या. सी मध्ये केवळ हिशेब ठेवा आणि उत्तर छापण्याचे काम जावास्क्रिप्टकडे सोपवा, म्हणजे सी मधल्या ‘प्रिंटएफ’ या छपाईच्या आज्ञेसोबत येणारा तयार कोडचा (लायब्ररीचा) भार टळतो. सर्व्हरने वासम फाइल ‘अ‍ॅप्लिकेशन/वासम’ या प्रकाराने पाठवली, तरच ब्राउझर ती उतरत असतानाच कंपाइल करू शकतो. चाचणी घेताना पान फोल्डरमधून थेट उघडू नका. तशी वासम फाइल सहसा लोड होत नाही, म्हणून संगणकावर छोटा स्थानिक सर्व्हर चालवा.

पान एचटीटीपीएसवर ठेवून सर्व्हिस वर्करद्वारे (ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टद्वारे) या फायली मोबाइलमध्ये साठवल्या, तर पहिल्या भेटीनंतर शिवारात रेंज नसतानाही हिशेब चालेल. ही सोय मात्र तुम्हाला जावास्क्रिप्टमध्ये स्वतः लिहावी लागेल.